नवीन विंडोज टाकलं आणि काय काय गेलं? (अनुभव धागा)

लक्ष्मीपुरीकर:
दिवाळीची साफसफाई काढलीय. माळ्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक सीडी घावली. वर बाबांच्या अक्षरात मार्करनं लिहिलंय, "एक्सपी. चालू आहे. हात लावू नये." ती हातात घेतली आणि पोटात कालवलं, कारण मी नुकताच हात लावून बसलोय.

आमचं धान्याचं दुकान. बिलाचा प्रोग्राम २००३ साली गल्लीतल्याच एका पोरानं फॉक्सप्रोत, म्हणजे डॉसवरच्या जुन्या भाषेत, लिहून दिलेला. निळा पडदा, पिवळी अक्षरं, माउसचं कामच नाही. बाबा एफ-फोर दाबून एंटर, एंटर, एंटर करत गिऱ्हाइकाशी पावसापाण्याचं बोलत बिल काढायचे. पडद्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. तो प्रोग्राम विंडोज एक्सपीवरनं सेव्हनवर, तिथनं टेनवर (३२ बिटवालं मुद्दाम टाकून) ओढत आणला. १४ ऑक्टोबर २०२५ ला टेनचा सपोर्ट संपणार म्हणून घाबरून नवीन पीसी घेतला, अकरावालं. पेढे वाटले. मग कळलं की अकरा फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यात १६ बिटचे जुने डॉसचे प्रोग्राम उघडतच नाहीत.

बाबा तीन दिवस हातानं बिलं लिहितायत. माझ्याशी बोलणं बंद. बोलले ते एवढंच, "चालू होतं की." तुमचं कुणाचं असं झालंय का? सांगा, जरा बरं वाटंल.

कटवडा:
पीसीचे पेढे???

लक्ष्मीपुरीकर:
नवीन यंत्र आलं की वाटतोय आम्ही. तराजू आणला तवा पण वाटलेले.

पत्रिकावाली:
माझं वाच मग. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं मराठी डीटीपी. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल असायचं, किल्लीसारखं, प्रिंटरच्या त्या रुंद पोर्टात बसणारं. नवीन मशीनला तसलं पोर्टच नाही! डोंगल हातात घेऊन मशीनभोवती प्रदक्षिणा घातली मी. जुनी फाईल उघडली तर "आमचे येथे श्रीकृपेकरून" च्या जागी इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या आणि टिंबं घातलेली. त्या जुन्या फॉन्टात आत सगळी इंग्रजीच अक्षरं असतात, वरनं फक्त मराठी कपडे घातलेले. फॉन्ट गेला की कपडे गेले.

बारा वर्षांच्या फायली होत्या. कन्व्हर्टरनं युनिकोड करत बसलो दीड महिना. रात्री पोरांना झोपवून करत होतो. ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढं उडी मारायची, रफार भलत्याच्याच डोक्यावर. एका पत्रिकेत "चि." ची वेलांटी हवेतच लटकली आणि तशीच छापून गेली. ५०० प्रती. नवरदेवाचे मामा आले होते दुकानात.

बोरिवलीकर:
दादा, मग मामांनी काय केलं?

पत्रिकावाली:
दादा नव्हे, ताई. नावात वाली आहे की. कोल्हापुरात बायका पण "मी आलो, मी बसलो"च म्हणतात. मामांनी चहा घेतला आणि पैसे दिले नाहीत.

बोरिवलीकर:
सॉरी ताई

कटवडा:
प्रत्येक धाग्यात एकदा तरी हे होतंय. बोर्डच लावा.

शेवटचीतारीख:
२०१६ चा जुलै. टेन फुकट मिळायची मुदत २९ जुलैला संपत होती. फुकट म्हटल्यावर कोल्हापूरकर थांबतोय व्हय? २८ ला रात्री दहाला ऑफिसातल्या मशीनवर सुरू केलं, म्हटलं सकाळपर्यंत होईल. सकाळी बघतो तर सगळं झालेलं, पडदा चकाचक, फक्त डिजिटल सहीचं टोकन ओळखेना. ड्रायव्हर जुना. बाहेर बाकावर सहा अशील, इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचेत ३१ च्या आत. त्या साली मुदत ५ ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून वाचलो, नाहीतर आज मीही मिसळच विकत असतो.

तेव्हापासून ऑफिसात नियम आहे. जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबरात कुणी "अपडेट" शब्द उच्चारायचा नाही. नवीन पोरगी आली होती, तिनं अपडेट अँड शटडाऊन दाबलं, तिला अख्ख्या ऑफिसनं "अगं थांब" म्हणून ओरडून रडवलं. आता वाईट वाटतं.

सेवानिवृत्त:
मी मास्तर होतो. विंडोज ८ आले तेव्हाची गोष्ट. स्टार्टचे बटण गायब. संगणक चालू तर झाला, बंद कोठून करायचा ते सापडेना. उजव्या कोपऱ्यात माउस नेला की एक पट्टी बाहेर येते, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, हे मला कोणी सांगितले नव्हते. पहिले चार दिवस मी सरळ भिंतीवरचे बटण बंद करीत असे. पाचव्या दिवशी सौ. म्हणाल्या, "मिक्सरला एवढी अक्कल लागत नाही." पुढे ८.१ मध्ये बटण परत आले. पण माझा हात अजून भिंतीकडेच जातो.

पत्रिकावाली:
काकूंना नमस्कार सांगा मास्तर

उद्यमनगरी:
आमच्या शॉपमधी सीएनसीला (पार्ट कापायचं मशीन) जोडलेला पीसी अजून एक्सपीच हाय. सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, म्हायतीय. सिरीयल केबलनं मशीनला प्रोग्राम जातोय, पार्ट निघतोय, आणि काय पायजे? पुण्यास्नं एक सायब आलता, म्हणाला "सिक्युरिटी रिस्क." म्हटलं सायब, नेटच न्हाई त्याला, चोर येणार कुठनं? तर म्हणाला "पेनड्राईव्हमधनं." आणि खरंच आल्ता एकदा. फोल्डरचे सगळे शॉर्टकट झालते. आता त्या मशीनचा पेनड्राईव्ह येगळा, लाल दोरा बांधलेला, दुसरीकडं घालायचा न्हाई. लाल दोऱ्याच्यावर अँटीव्हायरस न्हाई भावा.

लक्ष्मीपुरीकर, त्यो जुना पीसी इकला न्हाईस न्हवं?

लक्ष्मीपुरीकर:
विकला. भंगारवाल्याला नाही, मेव्हण्याला.

कटवडा:
मग गेला.

कुंभारगल्ली:
२०१९ च्या पुरात आमचा सीपीयूच पंचगंगेनं अपग्रेड केला. आठ दिवस पाण्यात. हार्डडिस्क उन्हात वाळवली, भजी वाळवावी तशी. सगळे म्हणत होते सेव्हन काढ, सेव्हन काढ. काढलं तिनं.

सेवानिवृत्त:
भजी वाळवत नाहीत.

कुंभारगल्ली:
सांडगे हो मास्तर, सांडगे. फोनवरनं टायपतोय, भाजी चिरता चिरता.

पन्हाळ्याचावारा:
एक्सपीचा तो हिरव्या टेकडीचा फोटो आठवतोय का? आमचे आण्णा छातीठोकपणे सांगायचे, हे मसाई पठार आहे, श्रावणातलं. पाहुण्यांना दाखवायचे, "बघा, आपल्या पन्हाळ्याजवळचं." मी कॉलेजात गेल्यावर कळलं की तो कॅलिफोर्नियातला आहे, १९९६ साली चार्ल्स ओरिअरनं काढलेला. आण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग तिथं पण मसाई पठार असंल." सेव्हन टाकल्यावर आण्णा आठवडाभर रुसले होते. मी तोच फोटो शोधून परत लावून दिला. अजून आहे. आण्णा नाहीत.

पत्रिकावाली:
:(

कटवडा:
एक्सपीत फाईल शोधायला ते कुत्रं पण होतं की. शेपूट हलवत बसायचं, सापडायचं काही नाही. आमच्या मोत्यासारखं.

बोरिवलीकर:
माझं ताजं दुःख. गावी लॅपटॉप घेऊन आलो, बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा, "रिकव्हरी की द्या." ४८ आकडी! मी बिटलॉकर (डिस्कला लागणारं कुलूप) कधी चालूच केलं नव्हतं. हल्ली नवीन मशीन सुरू करताना खात्यानं लॉगिन केलं की बरेचदा आपोआप चालू होतं, आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाते. खातं कुणाचं? दुकानात सेटअप करणाऱ्या भाच्यानं त्याच्या नावानं उघडलेलं. भाचा कुठं? ट्रेकला, रेंजबाहेर. दोन दिवस रंकाळ्यावर भेळ खात बसलो.

सगळ्यांनी आजच आपली की बघून वहीत लिहून ठेवा. खरंच. चेष्टा करत नाही.

शेवटचीतारीख:
वहीत लिहिताना दोनदा तपासा. ४८ पैकी एक चुकला तरी संपलं. आमच्याकडं सातचा एक झाला होता.

चटणीमसाला:
माझ्या पीसीला "अकरा चालणार नाही" असं येतंय. २०१९ ला घेतलाय, एवढा काय म्हातारा नाही. फेकू का? लवकर सांगा, मिरच्या उन्हात आहेत.

उद्यमनगरी:
फेकू नकोस ताई. विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाक. टीपीएम (अकराला लागणारी सुरक्षेची चिप) सापडत न्हाई म्हणालं तर बायोसमधी बंद असंल. इंटेलला पीटीटी, एएमडीला एफटीपीएम नाव असतंय, ते चालू कर. आणि प्रोसेसर बघ. इंटेलचा आठव्या पिढीचा न्हाईतर त्याच्या म्होरचा पायजे, सातवी असंल तर बहुतेक न्हाई.

पण बायोसला हात लावायच्या आधी बोरिवलीकरांचं वाच.

चटणीमसाला:
सातवी निघाली :( आमच्या वेळी सातवीची पण बोर्डाची परीक्षा असायची.

शेवटचीतारीख:
मग टेनवरच रहा. घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, नाव नोंदवावं लागतं. अपडेटच्याच पानावर लिंक येते.

पेंग्विन_करवीर:
मिंट टाका. लिनक्स. फुकट, हलकं,

कटवडा:
आला.

पेंग्विन_करवीर:
अरे वाक्य तरी पुरं करू दे. लक्ष्मीपुरीकर, तुमच्यासाठी लिहीत होतो. डॉसबॉक्स-एक्स टाका, अकरावरच चालतं. त्याच्या आत तुमचा फॉक्सप्रो जसाच्या तसा उघडंल, डॉसच आहे असं त्याला वाटतं. साधा डॉसबॉक्स नको, तो मुळात गेमसाठी. त्यात प्रिंटरचं जमत नाही, एक्सवाल्यात जमतं. प्रोग्रामचं फोल्डर आहे ना? डेटाच्या सगळ्या डीबीएफ फायली?

लक्ष्मीपुरीकर:
मेव्हण्याकडं. थांबा.

पत्रिकावाली:
मेव्हण्यानं फॉरमॅट मारला असणार बघ

कटवडा:
मेव्हणा कसला आहे त्यावर आहे.

लक्ष्मीपुरीकर:
मेव्हण्यानं पीसी अजून खोक्यातनं काढलेलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आळसाला हात जोडले. फोल्डर आणलं, डॉसबॉक्स-एक्स टाकला, उघडलं! निळा पडदा, पिवळी अक्षरं. डॉट मॅट्रिक्सनं दोन तास छळलं, शेवटी तेही निघालं. पेंग्विनदादा, तुम्हाला पेढे.

बाबांना बोलावलं. बसले, चष्मा लावला, एफ-फोर, एंटर, एंटर, एंटर. प्रिंटर किरकिरला. बिल फाडून उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, "रिबन फिकं मारतंय. आधी नव्हतं असं." मी म्हटलं आधीपण असंच होतं. तर म्हणाले, "चालू होतं की."

उद्यमनगरी:
रिबन बदलू नगो, शाई भरून घे.

लक्ष्मीपुरीकर:
कुठं भरून मिळतंय अजून?

कुंभारगल्ली:
शाहूपुरीत एकजण भरायचा. पुरानंतर बघितला नाही.

पत्रिकावाली:
माझ्याकडं दोन नवी पडून आहेत, डोंगलच्याच खणात. दुपारी तीननंतर ये, आत्ता पत्रिकावाले बसलेत.