खच्ची नर, मादी आणि संकर : मांसात फरक का पडतो?

प्रश्न (सिन्नर, नाशिक): माझ्याकडील यॉर्कशायर डुकरांत खच्ची नरांचे वजन माद्यांपेक्षा लवकर भरते, तरीही खाटीक माद्यांनाच पसंती देतो, असे का?

उत्तर (निफाड): खच्ची नर अधिक खातात, त्यामुळे लवकर वाढतात, पण त्यांच्या पाठीवर चरबीचा थरही जाड चढतो.

उत्तर (दिंडोरी): खच्ची न केलेला नर कमी खाद्यात जास्त मांस देतो खरा, मात्र वयात आल्यावर अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या चरबीत साठणाऱ्या वासाच्या पदार्थांमुळे त्याचे मांस शिजवताना उग्र वास सुटू शकतो, आणि मग गिऱ्हाईक तुटलेच म्हणा. संकरासाठी ड्युरॉक जातीचा नर घ्यावा. त्याच्या पिल्लांच्या मांसात स्नायूंतली चरबी वाढून मऊपणा येतो. पिएट्रेन जातीचे मांस भरपूर, परंतु हॅलोथेन जनुक (डुकराला ताण सहन न होण्याचा आनुवंशिक दोष) असल्यास ते फिकट व पाणी सोडणारे निघते.

प्रश्नकर्ता: आभार. ड्युरॉकचाच नर पाहतो.