जीझिपला पाइपमधून डेटा देताना राइट() अडकतो

प्रश्न
लिनक्सवर सी प्रोग्राम आहे. फोर्क करून (प्रोसेसची प्रत काढून) त्यात डेटा दाबणारा जीझिप चालवतो. त्याच्या इनपुटला एक पाइप (दोन प्रोसेसमधली डेटाची नळी), आउटपुटला दुसरा. पॅरेंट (मूळ प्रोसेस) आधी १० एमबी पूर्ण लिहितो, मग आउटपुट वाचतो. लहान डेटा नीट जातो. मोठा दिला की दोन्ही प्रोसेस थिजतात. ओ_नॉनब्लॉक (जागा नसेल तर न थांबता परतण्याचा फ्लॅग) लावला तर अडकत नाही, पण दाबलेली फाइल उघडल्यावर मधला डेटा गायब असतो.

उत्तर १
हा डेडलॉक आहे, म्हणजे दोन्ही प्रोसेस एकमेकांची वाट पाहत अडकतात. लिनक्सवर पाइपमध्ये सहसा ६४ केबीच मावतात. आउटपुटचा पाइप कोणी उपसत नाही म्हणून तो तुंबतो, जीझिप लिहिताना थांबतो, थांबला की वाचणंही बंद, मग तुमचा पाइप तुंबतो. एफ_सेटपाइप_एसझेडने पाइप मोठा केलात तर हेच थोडं उशिरा होईल, एवढंच.

डेटा गायब होतो कारण राइट()ने परत दिलेला आकडा तपासलेला नाही. ६५५३६ बाइट मागितले तरी ४०९६च गेले, असं होऊ शकतं. उरलेले सांभाळणं तुमचं काम. आकडा मिळाला की ऑफसेट (कुठवर लिहिलं ती जागा) तेवढाच पुढे न्या. -१ आणि ईअगेन (आत्ता जागा नाही, नंतर बघा) आलं तर ऑफसेट न हलवता पोल()कडे (टोक तयार होईपर्यंत थांबणाऱ्या कॉलकडे) परत जा. ईआयएनटीआर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटला) आलं तर पुन्हा लिहा.

पोल()मध्ये दोन्ही टोकं एकत्र द्या: लिहिण्याच्या टोकाला पोलआउट (लिहिता येतं का), वाचण्याच्या टोकाला पोलइन (वाचायला काही आहे का). सगळं लिहून झालं की लिहिण्याचं टोक लगेच क्लोज करा आणि यादीत त्याच्या जागी -१ ठेवा. लिहायला काही नसताना पोलआउट चालू ठेवलंत तर पोल() लगेच परतत राहतो आणि सीपीयू १००% वर जातो.

उत्तर २
चाइल्डमध्येही (फोर्कने बनलेल्या प्रोसेसमध्ये) एक्झेकआधी, म्हणजे जीझिप सुरू करण्याआधी, लिहिण्याच्या टोकाची प्रत क्लोज केली आहे ना? ती राहिली तर जीझिपला ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) कधीच मिळत नाही आणि सगळं बरोबर असूनही प्रोग्राम संपत नाही. सिगपाइप (वाचणारा उरला नाही अशा पाइपवर लिहिलं की येणारा सिग्नल) इग्नोर करा, म्हणजे जीझिप मध्येच मेला तर पॅरेंट न मरता ईपाइप एरर मिळेल. आणि लिहिण्याच्या टोकावर एफप्रिंटएफ नको. ईअगेन आलं तर किती बाइट गेले हे त्यातून कळत नाही.

प्रश्नकर्ता
दोन्ही टोकं पोल()मध्ये घेतली, चाललं. प्रत खरंच उघडी राहिली होती. स्टँडर्ड आउटपुट आणि लॉग फाइललाही ओ_नॉनब्लॉक लावू का?

उत्तर १
नको. हा फ्लॅग डिस्क्रिप्टरवर (प्रोसेसकडच्या फाइलच्या क्रमांकावर) नाही, उघडलेल्या फाइलच्या नोंदीवर बसतो. टर्मिनलची ती नोंद शेलशीही सामायिक असते, त्यामुळे तिथून चाललेल्या दुसऱ्या प्रोग्रामलाही अचानक ईअगेन येऊ लागतं. डिस्कवरच्या साध्या फाइलवर तर त्याचा परिणामच होत नाही. लॉगसाठी वेगळा थ्रेड ठेवा; त्याची रांग मात्र मर्यादित हवी, नाहीतर डिस्क मंदावली की मेमरी फुगत जाते.