पेशी, स्नायू, नस : शरीराच्या धड्यातले शब्द

सातवीची बाई :
विदर्भात मराठी माध्यमाला विज्ञान शिकवते. सातवीला पेशीरचनेचा धडा होतो आणि त्याच्या पाठोपाठ स्नायू व पचनसंस्था येते. चाचणीत विचारलं होतं, हृदय कशाचे बनलेले असते? एकाने लिहिलं, 'हृदय पेशींचे बनलेले असते.' गुण दिला. नंतर सहज तोंडी विचारलं, पेशी म्हणजे काय रे? पठ्ठ्याने बाही वर सारून दंड फुगवला. 'ही बघा, पेशी!' घरी हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करतो. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, त्यामुळे तिथे ते बरोबरच आहे. आता गंमत अशी की त्याचं वाक्य मराठीतही खरं आणि हिंदीतही खरं, त्यामुळे नुसती उत्तरपत्रिका वाचून काही कळायला मार्ग नाही.
मराठीत 'सेल'ला पेशी का म्हणतात? हिंदीवाल्यांनी शब्द बदलला की आपण?

संस्कृतवेडा :
बाई, बदलला आपणच. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, मांसाचा पट्टा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तिथल्या पेशी म्हणजे आजचे मसल, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट दोर. त्यामुळे दंड फुगवणारा तुमचा विद्यार्थी सुश्रुताच्या बाजूचा आहे.
पुढे जो तो आपापल्या वाटेने गेला. हिंदीने पेशी मसलसाठीच ठेवली आणि 'सेल'ला कोशिका म्हटलं. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह, तिथलं 'स्नायुतंत्र' म्हणजे आपली चेतासंस्था. गुजरातीत स्नायू आपल्यासारखाच मसल, पण 'सेल'ला कोष. आपली 'स्नायुपेशी' हिंदीत 'पेशी कोशिका' होते. हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मुलांना चटकन कळेल.

लॅबवाला :
मला स्वतःला कोशिका जास्त पटतो. कोश म्हणजे आवरण, कप्पा. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे पाहिलं ते रिकामे कप्पेच होते. त्यातला जिवंत भाग केव्हाच गेलेला, भिंती तेवढ्या उरलेल्या. लॅटिन 'सेला' म्हणजे छोटी खोली. तिथे मांसाचा काही संबंध नाही.
आमच्याकडे मुलं कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढतात. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो पसरायचा, त्यावर आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिपची एक कड आधी टेकवून हळू सोडायची, एकदम टाकली की बुडबुडा अडकतो आणि निम्मा वर्ग त्या काळ्या कडेच्या गोलालाच पेशी समजून वहीत काढतो. नीट जमलं की विटांची भिंत रचावी तशा लांबट चौकटी दिसतात, प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी ठिपका, तो केंद्रक. हे बघितल्यावर 'पेशी म्हणजे कप्पा' डोक्यात पक्कं बसतं. मग शब्द कुठला का असेना.

जुना मास्तर :
लॅबवाले, कोशिका मराठीत आहेच की. मराठी विश्वकोश काढून बघा. १९७६ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड आला, त्या विश्वकोशात पेशीची नोंद 'कोशिका' म्हणूनच आहे. ऊतींना (टिश्यूंना) 'ऊतके' आणि चेतासंस्थेला 'तंत्रिका तंत्र'. बालभारतीने मात्र पेशी, ऊती, चेतासंस्था धरलं. एकाच राज्यात सरकारी खर्चाने दोन परिभाषा नांदल्या! पोरगं पाठ्यपुस्तकातला शब्द घेऊन विश्वकोशात शोधायला जातं आणि हात हलवत परत येतं. हे मला कधीच पटलं नाही.
त्याआधीच्या पिढीला चेतासंस्थाही परकी वाटायची. तिची 'मज्जासंस्था' होती, 'मज्जातंतू' होते. घोळ असा की मज्जा म्हणजे हाडातला मगज, आयुर्वेदातल्या सात धातूंपैकी एक. रक्तपेशी तयार होतात ती अस्थिमज्जा आणि संदेश नेतात ते मज्जातंतू, या दोन मज्जांचा एकमेकींशी काही संबंध नाही. म्हणून 'चेता' आणि (पाठीच्या कण्यातल्या दोरासाठी) 'मेरुरज्जू' आले ते बरं झालं. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या तोंडी मज्जारज्जू अजून असतो, असू द्या.

विदर्भकर :
आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. 'उद्या पेशी आहे' म्हटलं की माणूस रजा टाकतो. बाईंच्या वर्गात हा अर्थ कुणी सांगितला नाही याचंच नवल.

रक्त तपासणारी :
पावसाळा संपता संपता आमच्या काउंटरवर एकच प्रश्न असतो, 'पेशी किती आल्या?' डेंग्यूच्या साथीत लोकांच्या तोंडी पेशी म्हणजे फक्त प्लेटलेट. पांढऱ्या पेशी बऱ्या आहेत म्हणून सांगितलं तरी ऐकून घेत नाहीत, प्लेटलेट दीड लाखाच्या खाली का ते सांगा म्हणतात (साधारण दीड ते साडेचार लाख, एका मायक्रोलिटरला).
आणि प्लेटलेट ही पूर्ण पेशीच नव्हे. अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट नावाच्या दांडग्या पेशीचे ते तुटून आलेले तुकडे, त्यांत केंद्रक नसतो. पाठ्यपुस्तकातला 'रक्तपट्टिका' त्या मानाने चोख शब्द आहे, पेशी असल्याचा दावाच करत नाही. पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी घरात कुणाच्या तरी तापात 'पेशी कमी झाल्या' ऐकलेलं असणार. पहिल्या तासाला तेच विचारून घ्या, बाई.

सातवीची बाई :
कालच विचारलं! पाच-सहा हात वर आले. एकीने सांगितलं, पपईच्या पानाचा रस प्यायला की पेशी वाढतात. रसाचं बाजूला ठेवलं, पण पेशी रक्तातही असते, ती दंडापुरती नसते, हे तिथेच निघालं. दुसऱ्या मुलाने विचारलं, तांबड्या पेशीतही केंद्रक नाही असं पुस्तकात आहे, मग तिला पेशी का म्हणायचं?

लॅबवाला :
कारण ती पेशी म्हणूनच जन्मते. अस्थिमज्जेत असताना तिला केंद्रक असतो, पक्व होताना ती तो बाहेर टाकते. हिमोग्लोबिनला जागा होते. मग सुमारे १२० दिवस तशीच चालते. पोराला शाबासकी द्या.

जुना मास्तर :
पेशीचं काय घेऊन बसलात, खरी पंचाईत 'नस' या शब्दाने होते. सुई टोचताना नर्स म्हणते 'नस सापडत नाही', ती शीर. कंबर धरून बसलेला म्हणतो 'नस दबली', ती चेता. रात्री पोटरीत गोळा आला की 'नस चढली', तो स्नायू. तीन संस्था आणि शब्द एक! मुलगा हा एक शब्द घरून घेऊन येतो आणि आपण त्याला रक्ताभिसरण संस्था, चेतासंस्था, स्नायुसंस्था अशा तीन वेगळ्या आकृत्या पाठ करायला लावतो. मी आधी ही तीन वाक्यं फळ्यावर लिहायचो आणि मुलांना विचारायचो, यातली कुठली नस कापली तर रक्ताची धार लागेल? वादावादी व्हायची. तास सार्थकी लागायचा.
रोहिणी आणि नीला हे जुने शब्द असेच फसवे. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. आकृतीतले रंग बघून पोरं खूश. पण हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत ऑक्सिजन कमी झालेलं रक्त असतं आणि परत येणाऱ्या नीलेत लालभडक. तिथे नाव उलटं पडतं. धमनी आणि शिरा हे शब्द बरे, रंगाचं काही बोलत नाहीत.

केळीवाला :
जळगावकडचा आहे. जी-नाइन या केळीच्या जातीची रोपं आम्ही 'टिश्यूची रोपं' म्हणून घेतो. मुलीच्या पुस्तकात 'ऊतीसंवर्धन' वाचलं तेव्हा कळलं की आपण तेच लावतो. ही ऊती आली कुठून?

संस्कृतवेडा :
विणणे या अर्थाच्या 'वे' धातूवरून. ओतप्रोत म्हणतो ना आपण, त्यातले ओत आणि प्रोत म्हणजे आडवे-उभे विणलेले धागे, तोच धातू. फ्रेंचमध्येही 'तिस्यू' म्हणजे विणलेलं कापड. तुमच्या मुलीच्या पुस्तकातला शब्द फार विचार करून केलेला आहे. ऊ मात्र दीर्घ, 'उती' लिहिलं तर गुण जातील.

रक्त तपासणारी :
एक राहिलं. पुस्तकात 'इंद्रिय संस्था' आणि दवाखान्यात 'अवयवदान'. इंद्रियदान कुणी म्हणत नाही. वर्गात अवयव म्हटलं तर चालेल का?

जुना मास्तर :
चालेल, आणि बरंच. इंद्रिय म्हटलं की मुलांना पंचेंद्रियं आठवतात, नाहीतर मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते. यकृत, वृक्क यांना अवयवच म्हणा, परीक्षेपुरतं इंद्रिय लिहून घ्या. यकृताला काळीज मात्र म्हणू नका. खाटकाकडची कलेजी यकृतच असली तरी भीतीने 'काळजात धस्स' होतं ते सगळ्यांच्या लेखी हृदयातच.

केळीवाला :
आमची आजी प्लीहेला पाणथरी म्हणायची. हा शब्द अजून कुठे बोलतात का?