जादू ही ‘निर्मिती’ नाही म्हणणाऱ्यांना: फाळके, करवत आणि गुलाबाची सावली

निळीशाई

दुसऱ्या धाग्यावर दगडछाप यांनी लिहिलंय: “लेखन आणि चित्रकला ही निर्मिती. जादू म्हणजे दुकानातून आणलेली पेटी आणि पाठ केलेल्या हालचाली. तिन्हींत हात घालणारा तिन्हींत वरवरचाच राहतो.” तिथे चार ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

दादासाहेब फाळके घ्या. १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी, लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्याचं काम. मधल्या काळात आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग. पुढे ‘नवयुग’मध्ये स्वतःच्या चित्रपटांवर लेखमाला. चित्र, जादू, लेखन, सगळं एका माणसात. यातलं वरवरचं कोणतं?

देव ‘प्रकट’ व्हायचा प्रसंग कसा घेत ते बघा. कॅमेरा तिपाईवर घट्ट. नट आहेत तिथे थिजतात. हँडल थांबवायचं, देवाला चौकटीत आणून उभं करायचं, हँडल पुन्हा सुरू. सुरू होताना आणि थांबताना वेग कमी असतो, म्हणून तिथल्या एकदोन फ्रेम जास्त उजळतात. त्या कापून फिल्म चिकटवायची. हे झालं तंत्र, पण ते पुरेसं नाही. नट थिजलेले दिसले की प्रेक्षकाला सांधा कळतो. म्हणून प्रकट होण्याच्या क्षणी बाकीच्यांना थिजायला कारण हवं: नमस्कार, मूर्च्छा, भीती. ते कारण लिहिणारा लेखक, चौकटीत देवासाठी रिकामी जागा आधीच राखणारा चित्रकार, आणि कधी थांबायचं हे ठरवणारा जादूगार. या तिघांना वेगळं करून दाखवा.

दगडछाप

उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. थांबवून बदलायची युक्ती फ्रेंच चित्रपटकार मेलिएसने १८९६ साली पॅरिसमध्ये केली होती. फाळक्यांनी ती शिकून वापरली. शिकून वापरणं म्हणजे कारागिरी, आणि कारागिरीला मी कमी लेखत नाही. तुम्हीच तिला दुसरं नाव चिकटवून तिचा मान घालवताय.

रविवर्मा छापखान्याचं नाव काढलंत, तर तिथलं खरं काम ऐका. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका दगडावर दुसरा दगड, मधे वाळू आणि पाणी, आणि गोल गोल घासून दोन्हींना सारखा दाणेदार पोत आणायचा. घासणं असमान झालं की सपाट रंगात डाग उठतात. मग मूळ चित्र बघून कुठल्या दगडावर पिवळा किती, गुलाबी किती, त्वचेचा रंग कितव्या छापात येणार हे नुसत्या डोळ्याने ठरवायचं. कोपऱ्यांतल्या फुल्या जुळवत कागद लावायचा. पावसाळ्यात कागद ताणतो, फुल्या जुळत नाहीत, आणि लक्ष्मीच्या ओठांचा लाल गालावर जातो. म्हणून कागद आधी छापायच्या खोलीच्या हवेत मुरू द्यावा लागतो.

ही रंगफोड करणाऱ्यांची नावं कुणाला माहीत आहेत? चित्राखाली नाव एकट्या रविवर्म्याचं. माझा राग तिथे आहे. शंभर वर्षं आपण रंगफोड करणाऱ्याला निर्माता म्हटलं नाही, आणि आता पेटी विकत घेणाऱ्याला म्हणायचं?

पडदेवाला

दगडछाप यांच्या रागाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांचंही हेच झालं. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांचं नाव राहिलं, पण पुढे चित्रपटाकडे वळले म्हणून. बाकीचे गेले.

पण पडदा ही जादूच आहे हो. राजवाड्याच्या खांबांच्या रेषा ज्या बिंदूत मिळतात तो बिंदू थिएटरातल्या मधल्या रांगांच्या डोळ्यांच्या उंचीला धरावा लागतो. तो वर गेला तर जमीन उतरणीची दिसते. नट पडद्याला खेटून उभा राहिला की मागचा दरवाजा त्याच्या खांद्याएवढा दिसतो आणि सगळा राजवाडा कोसळतो. म्हणून नटाने पडद्यापासून किती पुढे राहायचं हे पडदा रंगवणाराच सांगतो. रंग धरून ठेवणारा सरस जास्त पडला तर गुंडाळताना रंग तडकतो, कमी पडला तर पावडर होऊन नटाच्या शालूवर बसतो. सरसाचं प्रमाण ही कारागिरी, मान्य. पण प्रेक्षक कुठे बसून काय समजेल हे आधी ठरवणं ही कारागिरी नव्हे.

तिसरीघंटा

जादूची बाजू कुणी नीट मांडतच नाही. वाट्या-गोळ्यांचा खेळ घ्या. वाट्या तीन, दिसणाऱ्या गोळ्या तीन, प्रत्यक्षात चार. ही चौथी गोळी म्हणजे सगळं रहस्य, पाच मिनिटांत शिकता येतं. तरी शिकलेल्या दहांतल्या नऊ जणांचा खेळ पडतो. का? गोळी या हातातून त्या हातात दिल्याचं भासवताना नजर चुकीच्या हातावर राहते. गोळी लपवलेल्या हाताची बोटं काठीसारखी ताठ होतात. आणि ‘रिकामा’ हात लगेच उघडतात. उघडण्याआधी क्षणभर थांबायचं असतं, गोळी तिथे आहे हे प्रेक्षकाच्या मनात पक्कं व्हायला. उपाय ठरलेला आहे: आरशासमोर आधी गोळी खरोखर द्या, हात आणि खांदा कसा हलतो ते बघा, मग खोटं देणं त्या खऱ्यासारखं होईपर्यंत करा. हे दुकानात मिळत नाही.

वाटीगोळी

चौथी गोळी इथे लिहायची गरज काय होती? मुद्दा तिच्याशिवाय मांडता आला नसता?

सध्या मोबाइलवर बघावं तिथे कुणीतरी “रहस्य उघड” म्हणून तीस सेकंदांत खेळ फोडतं. स्वतः एकही खेळ बसवत नाहीत, दुसऱ्याचा फोडतात. रस्त्यावरच्या मदाऱ्याकडे ना पडदा, ना प्रकाशयोजना. तीन बाजूंनी माणसं, जमिनीवर बसून काम. त्याची सगळी कमाई त्या चौथ्या गोळीवर. आणि तुम्ही चर्चेत वजन यावं म्हणून ती वाटून टाकता.

तिसरीघंटा

मदाऱ्याचं पोट माझ्या एका परिच्छेदाने बुडत असेल तर आधी चारशे वर्षांचा हिशोब मांडा. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉटने गोळ्यांची आणि नाण्यांची हातचलाखी १५८४ साली पुस्तकात छापली. खेळ मेला? पेन आणि टेलर ही अमेरिकी जादूगारांची जोडी, ते हाच खेळ पारदर्शक ग्लास घेऊन करतात. गोळी कुठे जाते ते डोळ्यांसमोर असतं आणि तरी माग सुटतो. रहस्य फुटून जो खेळ मरतो, त्यात रहस्याखेरीज काही नव्हतंच.

वाटीगोळी

पेन आणि टेलर स्वतःच्या मंचावर, स्वतः ठरवून, स्वतःच्या प्रेक्षकांना दाखवतात. तुम्ही दुसऱ्याचं दाखवता. हा फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं.

आणि पुस्तक विकत घेऊन, बसून, वाचून शिकणारा वेगळा. त्याने कष्ट घेतलेत, तो पुढे खेळ जपतो. अंगठ्याने पडदा सरकवताना ज्याच्यासमोर रहस्य येतं त्याने ते मागितलेलंही नसतं. तो पुढच्या प्रयोगाला येतो तेव्हा हात बघतो, खेळ बघत नाही.

निळीशाई

धागा भरकटतोय, पण वाटीगोळी यांचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ‘हात बघतो, खेळ बघत नाही’ ही तक्रार रहस्यकथेतही येते.

दगडछाप

भरकटू द्या, इथेच माझा मुद्दा सिद्ध होतोय. कविता फुटते का? सगळ्यांना पाठ असलेली कविता अजून वाचली जाते. चित्र कसं रंगवलं हे कळलं म्हणून कुणी बघायचं थांबत नाही. जी गोष्ट कळली की संपते ती कोडं असते. सुटलेल्या कोड्याला कुणी कलाकृती म्हणत नाही.

तिसरीघंटा

बाईला करवतीने कापून पुन्हा अखंड दाखवायचा खेळ कळूनही संपला नाही, दगडछाप. लंडनमध्ये जादूगार सेल्बिटने तो जानेवारी १९२१ मध्ये मंचावर आणला. अमेरिकेत होरेस गोल्डिनने स्वतःच्या आवृत्तीचं १९२३ साली पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे आकृतीसकट सगळी रचना सरकारी कागदावर, कुणीही मागून वाचावी. १९३३ साली एका सिगारेट कंपनीने ती जाहिरातीत छापली. गोल्डिन कोर्टात गेला आणि १९३८ साली हरला. म्हणजे रहस्य कायद्याने जगजाहीर.

आता १९५६. एप्रिलमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात बंगालचे जादूगार पी. सी. सोरकार यांनी तोच खेळ केला. करवत फिरली, मुलगी उठेना. सोरकारांनी तिचे हात चोळले, हाका मारल्या, तोंडावर काळं कापड टाकलं. तेवढ्यात निवेदक पुढे आला आणि कार्यक्रम संपला. बीबीसीच्या फोनलाइन तुंबल्या, लोकांना वाटलं खून झाला. खेळ पस्तीस वर्षं जुना, त्याचं पेटंट तेहतीस वर्षं जुनं. नवीन काय होतं? शेवट कुठे कापला, एवढंच. तुमच्या भाषेत सांगतो: दगड तेच, छापायचा क्रम बदलला.

दगडछाप

शेवट कापला गेला, की कापला? थेट प्रक्षेपणात वेळ संपली म्हणून कार्यक्रम तुटला असेल तर त्यात सोरकारांची निर्मिती कोणती?

पडदेवाला

वेळ कुणामुळे संपली याचा निकाल इथे लागणार नाही. पण मुलगी लगेच उठवायची नाही, हात चोळायचे, हाका मारायच्या, कापड टाकायचं, हे तर वेळेने केलं नाही ना? तो ताण रचलेला आहे. कार्यक्रम दोन मिनिटं पुढे चालला असता तरी तो होताच.

निळीशाई

दगडछाप यांना कोर्टाचाच दाखला देतो. पेन-टेलर जोडीतल्या टेलरचा ‘शॅडोज’ हा खेळ: टेबलावर फुलदाणी, तिच्यात गुलाब, मागे पडद्यावर त्याची सावली. टेलर सुरी घेऊन सावलीचं पान कापतो आणि इकडे खऱ्या गुलाबाचं पान गळून पडतं. एकेक करून पाकळ्याही. १९८३ साली त्याने हे अमेरिकेत मूकनाट्य म्हणून नोंदवलं. पुढे एका युरोपीय जादूगाराने तसाच खेळ यूट्यूबवर टाकून विकायला काढला. २०१४ साली नेवाडातल्या संघीय न्यायालयाने टेलरच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की युक्तीला संरक्षण नाही, पण तिच्याभोवती रचलेल्या मूकनाट्याला आहे. रहस्य वेगळ्या पद्धतीने साधलंय हा बचाव टिकला नाही, कारण प्रेक्षकाला रहस्य दिसतच नाही, दिसतं ते नाट्य.

त्यात चित्र किती आहे बघा. दिवा फुलदाणीच्या समोर, ठरलेल्या अंतरावर. दिवा जवळ आणला की सावली मोठी होते आणि कडा विरतात, मग सुरी नेमकी कुठे लागली ते कळत नाही. दिवा छोटा आणि दूर हवा, तरच कड धारदार राहते.

आणि लेखनात? रहस्यकथेत उलगड्याचा धागादोरा लपवायचा तर तीन वस्तूंच्या यादीत मधे ठेवतात. पहिली आणि शेवटची वाचकाच्या लक्षात राहते. यादी संपताच कुणीतरी दार वाजवावं किंवा भांडण सुरू व्हावं, म्हणजे वाचक मागे वळत नाही. बिघडतं कुठे? त्या मधल्या वस्तूला लेखक एखादं विशेषण जास्त देतो, ते चुकीच्या हाताकडे बघण्यासारखंच. किंवा परिच्छेदाच्या शेवटी ठेवतो, तिथे नजर थांबतेच. किंवा इतकी आधी पेरतो की उलगडा झाल्यावर वाचकाला ती आठवत नाही आणि फसवल्यासारखं वाटतं. मधे कुठेतरी दुसऱ्या पात्राच्या तोंडून तिचा ओझरता उल्लेख करावाच लागतो. तिसरीघंटा यांच्या वाट्यांतही हाच हिशोब आहे: नजर, विराम, आठवण.

दगडछाप

ठीक. मूकनाट्य ही निर्मिती, हे मान्य करतो, आणि न्यायालयाने युक्तीला बाहेर ठेवलं हेही तुम्ही मान्य करा. मी पेटीला निर्मिती म्हणणार नाही. पेटीसोबत आलेल्या कागदावरचे संवाद जसेच्या तसे बोलणाऱ्याला तर मुळीच नाही.

वाटीगोळी

त्याला आम्हीही म्हणत नाही. मराठी प्रेक्षकांसमोर “लेडीज अँड जंटलमेन” म्हणून सुरुवात करणारे आणि इंग्रजी पत्रकाचं शब्दशः भाषांतर बडबडणारे आमच्याच धंद्यात भरपूर आहेत. संवादाने एकाच वेळी दोन कामं करायची असतात: कारण द्यायचं आणि वेळ द्यायचा. रुमाल मुठीत कोंबताना “आता मी रुमाल मुठीत ठेवतो” हे वाक्य फुकट जातं, कारण ते दिसतंच आहे. तिथे प्रेक्षकाला प्रश्न विचारला की तो उत्तर देण्यासाठी मान वर करतो. प्रश्न किती लांब? हाताचं काम संपेल तेवढाच. त्यापुढे एक शब्द जास्त झाला की मान पुन्हा खाली. हे प्रत्येक भाषेत नव्याने लिहावं लागतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि प्रेक्षक तिथपर्यंत थांबतो. हे लिहिणारा लेखक नाही, असं म्हणून दाखवा.

दगडछाप

हे लिहिणारा लेखक आहे. पण मग त्याचं नाव जाहिरातीवर हवं. जादूगारापेक्षा वेगळा माणूस संवाद लिहीत असेल, पेटी रंगवत असेल, तर तिघांची नावं. ते कोण छापतं ते सांगा.

वाटीगोळी

कुणीच छापत नाही. या एका बाबतीत तुमच्या मागे उभा आहे. आणि तिसरीघंटा, तुमचा प्रतिसाद अजून संपादित झालेला नाही. ती चौथी गोळी काढा.

तिसरीघंटा

संख्या काढतो, आरशाचा सराव राहू देतो. तो नव्या मुलांच्या कामाचा आहे.