रिकाम्या प्लॉटवर घरं की झाडं?

वरती कोणीतरी लिहिलंय की शहरातल्या रिकाम्या जागेवर एकतर बेघरांसाठी घरं बांधा नाहीतर झाडं लावा, दोन्ही जमणार नाही. मला नाही पटत हे. कॅनडातल्या व्हँकुव्हरमधे मेन आणि टर्मिनल रस्त्यांच्या परिसरात दोन्ही झालंय की! २००९ साली सुरू झालेल्या सोल फूड या शहरात शेती करणाऱ्या संस्थेने तिथे जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर फळबाग केली, आता पंपाची जमीन म्हणजे खराब झालेली, त्यात खायचं काही लावायची सोयच नाही, म्हणून सफरचंद, अंजीर वगैरे सगळी झाडं मोठाल्या खोक्यांत, आणि उद्या जागा परत मागितली तर खोकी उचलून दुसरीकडे नेता येतात. कामाला घेतले ते डाउनटाउन ईस्टसाइड या तिथल्या गरीब वस्तीतले लोक, व्यसन नाहीतर मानसिक आजारामुळे ज्यांना कुठेच कोणी दारात उभं करत नाही.

२०१७ मधे टर्मिनल अ‍ॅव्हेन्यूवर पालिकेच्या जागेत ४० मॉड्युलर घरं, म्हणजे कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडलेली घरं आली. खोल्या लहान, पण बाथरूम, किचन स्वतःचं आणि दाराची किल्ली स्वतःकडे. रात्रनिवाऱ्यात सकाळी वळकटी गुंडाळून बाहेर पडावं लागतं, तिथे औषधं कुठे ठेवणार, कागदपत्रं कुठे ठेवणार?

माझा आक्षेप मुदतीवर आहे. अशा जागा बहुतेकदा काही वर्षांच्याच कराराने देतात. झाडाचं खोकं हलवता येतं हो, पण नुकत्या स्थिरावलेल्या माणसाला परत हलवायचं म्हणजे फार वाईट, त्यामुळे घरांसाठी तरी जागा कायमचीच मागायला हवी.