गेमिंगसाठी नवा टीव्ही घेतलाय का? अनुभव लिहा

दिवाळीत पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) साठी नवीन फोरके टीव्ही घ्यायचं घरात ठरलंय, ५५ इंची, भिंतीवर तेवढाच मावतो. पोरगा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याचा, जप करतोय आणि दुकानात बघावं तर सगळ्या टीव्हींवर तेच पोपट नि फुलं चालू, गेम कोणी लावूनच दाखवत नाही. ज्यांनी घेतलाय त्यांनी खरंखुरं लिहा, जाहिरात नको.

ठाणेकर:
बॉक्सवरचं १२० वाचून भुलू नका, ६० हर्ट्झच्या पॅनलवर पण 'मोशन' वगैरे शब्द जोडून तो आकडा छापतात, नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पॅनल स्वतः सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं, ते विचारा. आणि पोर्ट मोजा! माझ्याकडे चार एचडीएमआय, त्यातले २.१ (फोरके १२० हर्ट्झवर चालवणारे) दोनच, त्यातलाही एक ईआर्क, म्हणजे आवाज बाहेर पाठवणारा, म्हणून साउंडबारने खाल्ला, आता भाऊ एक्सबॉक्स घेऊन आला की वायर काढा-घाला, टीव्ही भिंतीला असा चिकटलाय की मागे धड हात जात नाही, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून चाचपडायचं. महागडी केबल मात्र घेऊ नका, पीएस५ च्या खोक्यात चांगली येते.

गृहिणी प्लस गेमर:
गेम मोड लावल्याशिवाय फुटबॉल खेळूच नये, पास देतेय तोवर बॉल गेलेला असतो. एरवी टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसतो त्यात वेळ जातो, शंभर मिलिसेकंद म्हटलं तर काहीच वाटत नाही पण सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये त्या सहा फ्रेम झाल्या. एएलएलएम असेल तर कन्सोल चालू केला की गेम मोड आपोआप लागतो. आमच्या जुन्यात ते नव्हतं, मी हाताने लावायचे आणि बंद करायला विसरायचे, मग सासूबाई, अगं मालिकेतल्या साड्या फिक्या का दिसतायत :ड

बटणबहाद्दर:
ओलेडचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) काळा रंग बघून जीव जडला होता, पण बाबा दिवसभर बातम्या लावतात आणि ती ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी काही हलत नाही. बर्न-इनची, म्हणजे न हलणाऱ्या चित्राचा पडद्यावर कायमचा डाग पडण्याची, भीती तिथेच, गेममधला मॅप पण तसाच कोपऱ्यात ठाण मांडून असतो. मिनी एलईडी (मागून बारीक दिव्यांनी उजळणारा) घेतला. अंधाऱ्या सीनमध्ये पांढऱ्या अक्षरांभोवती थोडा उजेड सांडतो, चालतंय.

कोल्हापुरी रांगडा:
आम्ही सरळ पीएस५ पिशवीत घालून दुकानात नेला बघा. सेल्समन आधी हसला, मग स्वतःच कंट्रोलर सोडंना. व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) चालू-बंद करून बघितलं, फ्रेम कमी पडतात तिथं चित्र फाटायचं थांबलं, लगेच पैसे दिले.

जुना खेळाडू:
निन्टेन्डोचा पहिला स्विच किंवा साधा पीएस४ असेल तर कशाला एवढा खर्च, दोन्ही १०८०पीच्या (फुल एचडीच्या) वर जात नाहीत. पीएस५ वर पण बरेच गेम सेकंदाला ३० नाहीतर ६० फ्रेमवरच चालतात, १२० चा मोड असला तरी बहुतेकदा रिझोल्यूशन खाली येतं. पोराला विचारा नेमका कुठला गेम खेळणार ते.