जालन्याची आठ मुलं थायलंडच्या कॉलेजात सेवेला: हा पैसा तिकडे जावा का?

बेथेलचा नातू
सर्वांना सलाम. आमच्या जालन्याच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाची आठ मुलं-मुली दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवडे थायलंडला, चियांग माईला जाणार आहेत. तिथे विद्यापीठाच्या मुलांमध्ये काम करणारी एक ख्रिस्ती संस्था आहे. तिच्या हाताखाली राबायचं: इंग्रजी बोलण्याचा सराव, खेळ, स्वयंपाक आणि संध्याकाळी बायबल अभ्यास. खर्च माणशी पाऊण लाखाच्या आसपास, अर्धा घरच्यांचा आणि अर्धा मंडळीचा. मंडळीच्या सुगीच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात एक भोपळा साडेतीन हजारांना गेला, घेणारे काका रिक्षा चालवतात. तो पैसाही याच फंडात पडला.

माझा या दौऱ्याला विरोध आहे. मुलांच्या श्रद्धेबद्दल तक्रार नाही. पण संभाजीनगरच्या हॉस्टेलांत धारूर, पाटोदा, शिरूर कासारची लेकरं शिकतात. दिवाळीच्या सुमाराला त्यांचे आईबाप कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांकडे निघून गेलेले असतात. सुट्टी लागते, मेस बंद होते आणि गावातल्या घराला कुलूप असतं. नेमक्या त्याच दिवसांत आपली मुलं विमानात बसणार. विद्यार्थ्यांचीच सेवा करायची तर हे विद्यार्थी नाहीत का? तेवढे दिवस मेस चालू ठेवायला या रकमेचा चौथा हिस्साही पुरेल.

अंबडची
दादा, मी दुसऱ्या मंडळीच्या गटातून चियांग माईला जाऊन आले आहे, म्हणून लिहिते. पोचलो त्याच संध्याकाळी तिथल्या प्रमुख थाई ताईंनी आमची सगळी पत्रकं बॅगेत परत ठेवायला लावली. "आधी भांडी घासा," म्हणाल्या. भाताचा मोठा कुकर, तळाला खरपुडी धरलेली, तो माझ्या वाट्याला आला. मग टेबलं पुसायची, खुर्च्या मांडायच्या, आणि मुलं आली की बोलत बसायचं.

एक मुलगी रोज यायची. एका पेपरात नापास झालेली, घरी सांगितलं नव्हतं. माझाही एक विषय राहिलेला. दोघींचं इंग्रजी मोडकं, त्यामुळे कुणी कुणाला लाजलं नाही. अमेरिकेहून येणाऱ्या मुलांसमोर तोंड उघडायची भीती वाटते, हे तिनेच मला सांगितलं. आपल्या भागातली मुलं तिथे का हवीत, याचं उत्तर मला तिच्याकडून मिळालं. आणि परत आल्यावर आमच्याच कॉलेजच्या हॉस्टेलात मी दर शुक्रवारी मुलींसोबत बसायला लागले. इतकी वर्षं त्याच रस्त्याने जात होते, कधी आत गेले नव्हते.

निवृत्त मास्तर
घरच्या गरिबांचं आधी बघा, हा मुद्दा जुना आहे. तो सगळ्यांनी ऐकला असता तर आपल्या निम्म्या मंडळ्या उभ्या राहिल्या नसत्या. 1806 मध्ये अमेरिकेत विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थनेला बसले. त्या प्रार्थनेतून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही परदेशी मिशनरी पाठवणारी संस्था निघाली आणि 1813 मध्ये त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनचा हा आरंभ. पुढे 1831 पासून नगरला काम. त्यांच्या गावातही गरीब होतेच की!

आणि तुम्ही नाव लावता बेथेलचं. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे पाद्री नारायण शेषाद्री स्वतः 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलून आले.

बेथेलचा नातू
सर, तुमचा मान राखून सांगतो, हे दाखले माझ्याच बाजूचे आहेत. गॉर्डन हॉल मुंबईत उतरला तो परतीचं तिकीट घेऊन नव्हे. मराठी शिकला, मराठीत उपदेश केला, आणि 1826 मध्ये त्र्यंबकच्या बाजूला कॉलऱ्याने गेला. तेरा वर्षं. शेषाद्रींनी आधी जालन्यात काम उभं केलं, मग परदेशात जाऊन त्याविषयी बोलले. आमची मुलं थाई भाषेतलं एक वाक्य न शिकता चाललीत आणि साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव, देणार इंग्रजीत. परवा सराव होता. एक मुलगी पाठ केलेलं इंग्रजी तीन मिनिटं म्हणत होती, नजर छताकडे. तिलाच मराठीत विचारलं तर डोळे भरून बोलली.

परभणीकर
मी बौद्ध आहे. धागा तुमच्या मंडळीचा आहे, पण थायलंडचं नाव निघालं म्हणून बोलतो. 2023 च्या जानेवारीत थायलंडचे 110 भिक्खू परभणीहून चैत्यभूमीला पायी निघाले तेव्हा आम्ही घरादारासकट फुलं घेऊन रस्त्यावर उभे होतो. ते धम्म घेऊन आले याचा आम्हाला आनंद होता. त्यामुळे तुमच्या मुलांनी तिकडे पाऊलच टाकू नये, असं मी म्हणणार नाही.

पण ते इथल्या लोकांनी बोलावलं म्हणून आले, आणि कशासाठी आले ते चिवरावरूनच दिसत होतं. इंग्रजी शिकवतो म्हणून पोरांना गोळा करायचं आणि संध्याकाळी बायबल काढायचं, हे मला पटत नाही.

अंबडची
दादा, बोलावणं त्यांचंही होतं, आम्ही आपण होऊन गेलो नाही. दारावर संस्थेच्या नावाबरोबर क्रूस आहे. बायबल अभ्यासाची खोली वेगळी, वेळ वेगळी. न बसणारी मुलं बाहेर कॅरम खेळतात, त्यांच्याशी बोलणं तोडलं जात नाही.

परभणीकर
ताई, तुमच्या हेतूवर माझा संशय नाही. पण जी पोरगी नापास झालीय, घरी सांगू शकत नाही, परगावी एकटी आहे, तिला खोली वेगळी असल्याने काय फरक पडतो? जेवू घालणाऱ्याचं ऐकावंसं वाटतंच. तिचं "हो" किती मोकळं, हे तुम्हालाही कळणार नाही आणि तिलाही नाही.

वाळूजवरून
मध्येच एक कामाचं. थायलंडात परदेशी माणसाला परवान्याशिवाय काम करता येत नाही, आणि बिनपगारी सेवासुद्धा काम धरली जाऊ शकते. तिथल्या संस्थेकडून योग्य व्हिसा लेखी विचारून घ्या. आपल्याकडेही परदेशी पाहुणा पर्यटक व्हिसावर येऊन प्रचार करायला लागला तर त्याला परत धाडतात. पोरांच्या पासपोर्टवर डाग नको.

खजिनदार
हिशोब माझ्याकडे असतो, म्हणून दोन गोष्टी. लिलावाच्या आधीच पैसा कशासाठी ते जाहीर केलं होतं. ज्या कारणासाठी घेतला त्याच कारणाला जाईल, मेसकडे वळवता येणार नाही. मेससाठी वेगळं दान मागा, मी पहिला देतो.

दुसरं, त्या रिक्षावाल्या काकांचा दाखला देऊन दौऱ्याला विरोध करायलेत, ते मला टोचलं. काकांचीच लेक जायलीय. त्यांच्या घरात पासपोर्ट निघालेली ती पहिली. इतकी वर्षं परदेशातून लोक आपल्या मंडळीत यायचे, आपण स्टेजसमोर चटईवर बसून ऐकायचो. आता आपली पोर देणारी म्हणून जायलीय. याला किंमत नाही का?

बेथेलचा नातू
किंमत आहे. काकांच्या लेकीने जाऊ नये असं मला कुणी म्हणायला लावू शकणार नाही, आणि तरी दौरा चुकीच्या वेळी ठरला असंच मी म्हणेन. देणारे व्हायला विमान लागत नाही. वेगळ्या दानाचं मान्य. येत्या रविवारी उपासनेनंतर मेसचा विषय मांडतो. पन्नासेक लेकरांची दोन्ही वेळची जेवणं, जागेसाठी एका हॉस्टेलच्या रेक्टरांशी बोलणं झालंय.

परभणीकर
मेसला माझ्याकडून गव्हाचं एक पोतं. पण विचारूनच घेतो: तिथे संध्याकाळी बायबल असणार का?

बेथेलचा नातू
नाही. जेवण आणि अभ्यासाला जागा, एवढंच. मंडळीचा बोर्डसुद्धा लावणार नाही.

अंबडची
इथे माझं तुमच्याशी जमत नाही, दादा. बायबल अभ्यास नको, मान्य. पण बोर्ड का नको? आत्ताच परभणीच्या दादांनी भिक्खूंचं सांगितलं की कशासाठी आले ते दिसत होतं. आपण कोण आहोत हे लपवून जेवू घातलं आणि पुढे कधी त्या लेकरांना कळलं, तर त्यांना फसवल्यासारखंच वाटेल. मी रविवारी येते आहे, चपात्यांना दोन मैत्रिणी घेऊन. पण दारावर मंडळीचं नाव लागलं पाहिजे, हे मी तिथे उभी राहून मागणार.